बोलून लिहिणारा लघुलेखक

भंडाऱ्याच्या न्यायालयात साक्ष सुरू असते तेव्हा बहुतेकदा साक्षीदार सांगतो, न्यायाधीश ते नेमक्या वाक्यांत उच्चारतात आणि लघुलेखक किंवा टंकलेखक उतरवून घेतो. म्हणजे ऐकून पुन्हा बोलणे आपल्या कोर्टांना नवे नाही. अमेरिकेत याच कृतीचा स्वतंत्र पेशा झाला. १९४०च्या दशकात होरेस वेब यांनी तोंडावर धरायचा आवाजबंद मुखवटा वापरात आणला. त्यात प्रतिवेदक, म्हणजे कोर्टातले बोलणे नोंदवणारा, प्रत्येक शब्द विरामचिन्हांसह हळू आवाजात पुन्हा बोलतो, बाहेर काही ऐकू जात नाही. आता त्याच्या आवाजाला सरावलेला संगणक ते लगेच अक्षरांत उतरवतो. तरीही लघुलेखन यंत्रावर बोटे चालवणारे कित्येक जण अशा बोलून लिहिणाऱ्याला बरोबरीचे मानायला कचरतात. मला हा आक्षेप पटत नाही. कसोटी अचूकतेची हवी, बोटे की जीभ याची नव्हे.

ही अचूकता किती मोलाची! खैरलांजी हत्याकांडाचा खटला भंडाऱ्यात चालला, २००८मध्ये शिक्षा झाली. २०१०मध्ये नागपूर खंडपीठाने अपील तपासले ते मुख्यतः लिहिलेल्या साक्षींवरून.

मग हे काम यंत्रावरच का सोपवू नये? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये, महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीतच, यंत्राकडून थेट शब्दांकन सुरू केले. पण साकोली-लाखांदूरकडचा साक्षीदार झाडीबोलीत ‘पानी’ म्हणतो, मध्येच दोन वकील एकदम बोलतात. तिथे नुसते यंत्र अडखळते. ऐकून पुन्हा बोलणारा माणूस मात्र कोण बोलले ते ओळखतो, गोंधळ झाला तर थांबवून विचारतो.