ठग : हिंगोलीची छावणी ते दंडसंहिता

इंग्रजी शब्दकोशात ‘थग’चा अर्थ मिळतो गुंड, मारामाऱ्या करणारा. आपला ठग असा नाही. तो गोड बोलतो, विश्वास मिळवतो आणि ठकवतो. या ठगाचा गुंड कसा झाला, याचा एक धागा आमच्या हिंगोलीत सापडतो.

हिंगोलीला निजामाच्या फौजेची छावणी होती. त्या फौजेतला अधिकारी फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली निघाली. कादंबरीपेक्षा तिची प्रस्तावना मला मोलाची वाटते. हरिसिंग हा हिंगोलीतला प्रतिष्ठित व्यापारी. गोऱ्या अधिकाऱ्यांचा त्याच्याशी रोजचा व्यवहार. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला. कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते. त्याला आणि त्याच्या माणसांना वाटेत मारून हरिसिंगाने तोच माल परवान्याच्या जोरावर छावणीत उजळ माथ्याने विकला. पकडल्यावर त्यानेच सांगितले, म्हणून हे कळले. इंग्रज वाचकांच्या मनात बहुधा खून तेवढा राहिला. परवाना मागणारा सभ्य गृहस्थ, म्हणजे आपल्या अर्थाचा ठग, मागे पडला.

संस्कृत ‘स्थग्’ म्हणजे झाकणे, लपवणे. सभा ‘स्थगित’ होते तीही याच धातूने. झाकणे याच अर्थाचा लॅटिन ‘तेगेरे’ बहुधा याचा भाऊबंद, आणि त्याच्यापासून आला ‘डिटेक्टिव्ह’ : झाकलेले उघडणारा. ठग आणि डिटेक्टिव्ह एका घरचे निघावेत, ही मोठी गंमत! रोमन लिपीत ‘ठ’ नाही. ‘टी-एच’ लिहिले गेले आणि इंग्रजांनी त्याचा ‘थ’ केला.

कायद्यात मात्र हा शब्द जिवावर बेतला. १८३६च्या ३०व्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले, की तेवढ्यावर सक्तमजुरीसह जन्मठेप. अमुक खून अमक्याने केला हे दाखवण्याची गरज नाही, आणि ठग कोणाला म्हणावे हेही त्यात सांगितले नव्हते. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर माणसे आत गेली. म्हणूनच काही इतिहासकार स्लीमनने रंगवलेल्या ठगपंथाकडे संशयाने पाहतात. खून खरे, पण पंथाची कथा फुगवलेली, असे माझे मत आहे. व्याख्या आली ती १८६०च्या दंडसंहितेत, कलम ३१० : खून करून जबरी चोरी करण्यासाठी किंवा मुले पळवण्यासाठी इतरांशी नेहमीचे संगनमत ठेवणारा तो ठग. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम राहिलेले नाही.