राजूरच्या वैशाली येडे: आत्मविश्वास घडतो कसा?

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे, आणि उद्घाटक कळंब तालुक्यातल्या राजूरच्या अंगणवाडी मदतनीस वैशाली येडे. त्यांच्या शेतकरी पतीने २०११ मध्ये आत्महत्या केली होती. आधी ठरलेल्या उद्घाटक, लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण आयोजकांनी मागे घेतल्याने मोठा वाद पेटला होता. अशा तापलेल्या मांडवात येडे बोलायला उभ्या राहिल्या. अडचणीत दिल्लीची नाही, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचे त्या बोलल्या आणि विधवेच्या वाट्याला येणारे जगणे त्यांनी विद्वानांपुढे ठेवले.

मला त्या भाषणाहून मोठे नवल वाटते ते त्याच्या आधीच्या वाटचालीचे. संमेलनापूर्वीच त्या ‘तेरवं’ या नाटकातून रंगमंचावर आल्या होत्या. लेखन श्याम पेठकरांचे, दिग्दर्शन हरीश इथापे यांचे, आणि त्यात उभ्या राहिलेल्या बाया आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्याच घरातल्या.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या भावनेचे चार उगम सांगितले. स्वतः काही करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर, आणि छातीतल्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यातला पहिला सर्वांत बलवान. ‘तेरवं’सारख्या नाटकाच्या तालमीत हे चारही एकत्र येऊ शकतात. शेजारी तेच दुःख सोसलेली बाई मोठ्याने बोलते, मग आपलाही आवाज निघतो. नुसत्या ‘स्वतःवर विश्वास ठेव’ या उपदेशातून हे घडत नाही.

आत्मविश्वासाहून आत्मसन्मानाची गोष्ट निराळी. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये तो मोजायला दहा विधानांची मापनपट्टी केली. तिच्यात कोणत्याही कामाचे कौशल्य विचारलेले नाही. माणूस म्हणून मी स्वतःची किंमत काय करते, एवढेच ती विचारते. कापूस वेचणारी, निंदण करणारी, मुलांचे शिक्षण आणि घरची देणी एकटीने सांभाळणारी विधवा बाई कामात पक्की असते. पण हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत, लग्नात ओटी भरायला पुढे येऊ देत नाहीत. जमते सगळे, तरी किंमत नाही, असे तिला वर्षानुवर्षे ऐकवले जाते. ही जखम तिच्या एकटीच्या जिद्दीने भरत नाही. गावाने तिला पंगतीत, मांडवात, ग्रामसभेत जागा द्यावी लागते, आणि ती उपकार म्हणून नव्हे.

करून पाहण्याचा अनुभव आणि मानाची जागा, दोन्ही देण्याचे काम यवतमाळ जिल्ह्यातल्या महिला बचत गटांना करता येईल. बैठकीत इतिवृत्त वाचण्याचे, बँकेत जाऊन भरणा करण्याचे काम ठरावीक दोघींकडेच न ठेवता आळीपाळीने प्रत्येकीकडे द्यावे. नवख्या बाईला आधी जुनीसोबत पाठवावे, मग एकटीला. आणि तिचे पहिल्यांदा चुकले तरी पुढची पाळी तिचीच राहू द्यावी.

येडे स्वतः संमेलनावर थांबल्या नाहीत. त्याच वर्षी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची निवडणूक लढवली. निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही.