‘गाय्’ आणि त्याचे पर्याय : एका इंग्रजी बोलशब्दाचा अर्थविकास

कोशात समानार्थक म्हणून एका ओळीत मांडलेले शब्द व्यवहारात क्वचितच एकमेकांच्या जागी बसतात. ‘पुरुष’ अथवा ‘इसम’ या अर्थी इंग्रजी बोलभाषेत रूढ असलेले ‘गाय्’, ‘फेलो’, ‘चॅप’, ‘ब्लोक’ व ‘ड्यूड’ हे शब्द या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. (पशुवाचक मराठी शब्दाशी घोटाळा होऊ नये म्हणून पहिला शब्द येथे हलन्त लिहिला आहे.) अशा शब्दांचा अर्थ केवळ निर्दिष्ट व्यक्तीत सामावलेला नसतो. कोण, कोणाशी, कोणत्या नात्याने बोलतो, यावर तो बव्हंशी अवलंबून असतो.

‘गाय्’ हे मूळचे विशेषनाम होय. नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडात आले. इ. स. १६०५ च्या नोव्हेंबरात पार्लमेंटचे सभागृह बंदुकीच्या दारूने उडवून देण्याचा कट उघडकीस आला. त्या दारूवर पहारा करीत असता गाय् फॉक्स हा पकडला गेला आणि ३१ जानेवारी १६०६ रोजी त्यास देहान्त शासन झाले. कट फसल्याच्या स्मरणार्थ दर ५ नोव्हेंबरला होळ्या पेटविण्याची प्रथा पडली. ती पाळण्याविषयीचा कायदा १८५९ मध्ये रद्द झाला, तरी होळ्या थांबल्या नाहीत. होळीत जाळावयाच्या पुतळ्यास पुढे ‘गाय्’ म्हणू लागले. जुनेपाने कपडे चढवलेला हा पुतळा रस्त्यावर मांडून मुले ‘गाय्’साठी पेनी मागत. एकोणिसाव्या शतकात याच शब्दाने बेंगरूळ वेषाच्या माणसाचा निर्देश होऊ लागला. येथवरचा प्रवास अर्थापकर्षाचा आहे.

यापुढे मात्र दिशा पालटली. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धानंतर ५ नोव्हेंबरचा उत्सव मागे पडला. पुतळाच नजरेसमोर नसल्यामुळे शब्दाला चिकटलेला उपहासही तेथे टिकला नाही, असे म्हणता येईल. ‘गाय्’ म्हणजे कोणीही सामान्य पुरुष, एवढाच अर्थ उरला. १९५० साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘गाय्ज अँड डॉल्स’ या संगीतिकेच्या नावात पुरुष आणि स्त्रिया असा स्पष्ट भेद आहे. त्या काळी हा शब्द निःसंशय पुल्लिंगी होता.

पर्यायांपैकी प्रत्येकाचे कुळ निराळे आहे. ‘फेलो’ हा प्राचीन नॉर्स भाषेतून आलेला शब्द असून सामाईक व्यवहारात आपले द्रव्य घालणारा भागीदार, हा त्याचा मूलार्थ. विद्यापीठाच्या ‘फेलो’त ही प्रतिष्ठा शिल्लक आहे. उलट भारतीय इंग्रजीत ‘दॅट फेलो’ या प्रयोगास बहुधा तुच्छतेची छटा येते. ‘चॅप’ हे व्यापारीवाचक ‘चॅपमन’ शब्दाचे संक्षिप्त रूप. त्याचा अर्थ आधी गिऱ्हाईक आणि मग माणूस असा झाला. मराठीतही ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ या प्रयोगात बाजारातील शब्द माणसाच्या थट्टेकडे वळला आहे. ‘चॅप’ आजही ब्रिटिश वळणाचा आणि काहीसा जुन्या शिष्टाचाराचा वाटतो. ‘ब्लोक’ची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. तो ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील सामान्य जनांचा शब्द असून ऑस्ट्रेलियात ‘गुड ब्लोक’ ही मोठी शाबासकी मानतात. ‘ड्यूड’ हा १८८३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये नटव्या, छानछोकी तरुणांना उद्देशून उपहासाने वापरात आला आणि विसाव्या शतकात तरुणांच्या परस्परसंबोधनात स्थिरावला. स्कॉट कीसलिंग यांनी २००४ मध्ये दाखविल्याप्रमाणे त्यातून जवळीक व्यक्त होते, परंतु ती फार उघड होऊ न देण्याची दक्षताही व्यक्त होते.

‘गाय्’चे या सर्वांहून वेगळे वैशिष्ट्य त्याच्या अनेकवचनात आहे. प्रमाण इंग्रजीतून सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘दाऊ’ हे द्वितीय पुरुषी एकवचन जवळजवळ लुप्त झाले आणि ‘यू’ हे एकच रूप दोन्ही वचनांसाठी उरले. ही उणीव भरून काढण्यासाठी बोलींनी आपापले उपाय योजले. अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘यॉल’, आयर्लंडात ‘यूज’ आणि अमेरिकेत अन्यत्र मोठ्या प्रमाणावर ‘यू गाय्ज’ रूढ झाले. येथे ‘गाय्ज’ हे नाम राहिले नसून ते सर्वनामाचा भाग बनू पाहते. म्हणूनच केवळ स्त्रियांच्या समूहासही ‘यू गाय्ज’ म्हटले जाते. ॲलन मेटकाफ यांनी २०१९ मध्ये या शब्दावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

या प्रयोगावर आक्षेपही आहे. पुरुषवाचक शब्दाने स्त्रियांना संबोधिले की त्या वगळल्या जातात, असे अनेकांचे मत असून ते त्याऐवजी ‘फोक्स’ किंवा ‘एव्हरीवन’ पसंत करतात. वाद सुटण्यास एक साधी कसोटी उपयोगी पडते. ‘अ गाय्’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पुरुषच उभा राहतो. ‘दोज गाय्ज’ यातही बहुधा पुरुषच अभिप्रेत असतात. लिंगनिरपेक्षता आहे ती प्रामुख्याने संबोधनापुरती. तेव्हा दोन्ही पक्ष शब्दाच्या एकेका वापरावर बोट ठेवतात, आणि तेवढ्यापुरते दोन्ही खरे ठरतात.

मराठी भाषांतरकाराची अडचण येथेच सुरू होते. ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांमुळे वचनाची उणीव मराठीत नाही. परंतु ‘अरे’ आणि ‘अगं’ यांतून निवड करताच लिंग उघड होते. ‘यू गाय्ज’ला जवळचा शब्द ‘मंडळी’ हाच होय. तो व्याकरणाने स्त्रीलिंगी असूनही ‘काय मंडळी!’ या हाकेत स्त्रीपुरुष सारेच येतात. मात्र जुन्या वळणाच्या बोलण्यात ‘आमची मंडळी’ म्हणजे बोलणाऱ्याची पत्नी. संबोधनात व्यापक आणि निर्देशात मर्यादित, हा भेद दोन्ही भाषांत सारखाच दिसतो. कोशातील पर्यायांच्या यादीस त्यामुळे उपयोगाची जोड हवी. शब्द हाकेत येतो की वर्णनात, हे नोंदविल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा सांगितला असे होत नाही.