तेरडा, रिक्सिया आणि लपलेली पिढी

गौरींसाठी तेरडा आणायला भाद्रपदात माळावर गेलो, की जवळच्या उघड्या ओल्या मातीला चिकटलेली रुपयाएवढी हिरवी चकती दिसते. शेवाळ समजून लोक तिच्यावर पाय देऊन पुढे जातात. ती रिक्सिया, यकृतका वर्गातली वनस्पती. तिला ना खोड, ना पान, ना खरे मूळ.

या दोघांची तुलना मी बरीच वर्षे चुकीची केली. तेरड्याच्या पानाच्या जागी रिक्सियात काय, असे अवयवाला अवयव जुळवीत राहिलो. चूक उमगली ती विल्हेल्म होफमायस्टर यांच्या कामामुळे. लाइपत्सिगच्या या गृहस्थांनी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. वडिलांचा संगीत-प्रकाशनाचा व्यवसाय सांभाळून ते सूक्ष्मदर्शकाशी बसत. १८५१ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी दाखवले की शेवाळी, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांच्या जीवनात दोन पिढ्या आळीपाळीने येतात. एकीत गुणसूत्रांचा एक संच, दुसरीत दोन, हे पुढे कळले.

रिक्सियाची चकती ही एका संचाची, गंतुकधारी पिढी. पुं-गंतुके पावसाच्या पाण्यातून पोहत अंडपेशीकडे जातात. फलनानंतर जन्मते ती दोन संचांची बीजुकधारी पिढी, आणि ती म्हणजे आईच्या अंगात रुतलेली एक बारीक गोळी! आईचे अंग कुजले, की मगच आतली बीजुके मोकळी होतात.

तेरड्यात सगळे उलटे. मूळ, खोड, पान, फूल हा सारा पसारा बीजुकधारी पिढीचा. गंतुकधारी पिढी उरली ती दोन-तीन पेशींच्या परागकणात आणि बीजांडातल्या, बहुधा सात पेशींच्या, भ्रूणकोशात. म्हणजे रिक्सियाच्या चकतीची खरी जोडी तेरड्याचे पान नव्हे, तर मधमाशीच्या अंगाला लागलेला पराग! परागनलिका थेट अंडपेशीपर्यंत पोचते, म्हणून फलनासाठी पोहण्यापुरते पाणी लागत नाही. पिकलेले बोंड बोट लागताच फुटून बी उडवते. कोणी कुजण्याची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून रिक्सियाला ‘खालच्या दर्जाची’ म्हणणे मी सोडले. ती तेरड्याची पूर्वज नाही; दोघे आजचेच, दूरचे भाऊबंद. तेरड्याने जी पिढी फुलात लपवली, ती रिक्सियाने उघड्यावर मांडली आहे. पुढच्या भाद्रपदात तेरडा खुडताना जरा खाली वाका. जून चकतीवर काळे ठिपके दिसले, तर ती दुसरी पिढी समजा.