आधी भिंत ओळखा, मग ड्रिल घ्या

नवरात्राच्या सेलमध्ये टीव्ही, एसी आणि मोबाइलच्या शेजारी ड्रिल मशीनही ऐटीत बसलेलं असतं. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी उतरला, तेव्हा तेही स्वस्त झालं असेल असं वाटत असेल तर तो समज आधी काढून टाका. एसी आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८वर आले. ड्रिल आधीही १८ टक्क्यांतच होतं, आताही तिथंच आहे. सूट दिसत असेल तर ती विकणाऱ्याची, आणि विकणारा ती द्यायला संचच निवडतो. ड्रिल, हातोडी, पक्कड, टेप, मग बारक्या बिटांची आणि सॉकेटांची रांग. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'एकूण १०८ नग'. जपमाळेत मणी असतात तितके. असा डबा माझ्याकडे नऊ वर्षं आहे. त्यातले सात नग मी वापरले, दोन हरवले, उरलेले ९९ प्लॅस्टिकच्या खाचांत जसेच्या तसे निजलेले आहेत.

तीन वर्षांपूर्वी नव्या फ्लॅटमध्ये पडद्याचा दांडा लावायला घेतला. जुन्या घरात याच मशीनने डझनभर भोकं पाडली होती, त्यामुळे हात आत्मविश्वासाने भरलेला. पाच मिनिटं रेटल्यावर भिंतीला रुपयाएवढा खळगा पडला, बिटाचं टोक तापून निळं झालं आणि खालच्या मजल्यावरून फोन आला. शेवटी ज्यांना बोलावलं ते मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी मशीनकडे पाहिलंही नाही. बोटाच्या पेराने भिंत चार ठिकाणी वाजवली आणि म्हणाले, "मशीन ठीक आहे साहेब. ही भिंत त्याची नाही."

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत ज्या उंच इमारती उठल्या, त्यांतल्या बऱ्याच 'मिवान' पद्धतीच्या आहेत. ॲल्युमिनियमचे साचे उभे करायचे आणि स्लॅबसकट सगळ्या भिंती एकदम काँक्रीटने ओतायच्या. वीट नाहीच. बिल्डरच्या माहितीपत्रकात हे कौतुकाने लिहिलेलं असतं. या भिंतीत खिळा कसा मारायचा ते कुठेच लिहिलेलं नसतं. शेजारच्या इमारतीत सिपोरेक्सचे हलके ठोकळे असतात, तिथे उलटी गत: बिट लोण्यात सुरी जावी तसा आत जातो आणि स्क्रू तितक्याच सहज बाहेर येतो. पेठेतल्या जुन्या घरात गिलाव्यामागे वीट आहे की माती, ते भोक पाडल्यावरच कळतं. एकाच शहरात, एकाच पिन कोडमध्ये तीन वेगळ्या भिंती, आणि जाहिरात सगळ्यांना एकच मशीन विकते आहे.

फरक कळायला मशीनच्या पोटात डोकवावं लागेल. आपण ज्याला हॅमर ड्रिल किंवा इम्पॅक्ट ड्रिल म्हणतो, त्यात दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. दातावर दात चढतो, उतरतो, आणि बिटाला टिचकी बसते. मिनिटाला चाळीसेक हजार टिचक्या, पण टिचक्याच. जोर आपल्या खांद्याचा. विटेला एवढं पुरतं. रोटरी हॅमर दिसायला त्याचाच थोरला भाऊ, पण आतली गोष्ट वेगळी. त्यात एक दट्ट्या हवा दाबतो आणि ती दबलेली हवा आतल्या लोखंडी ठोकळ्याला बिटावर आदळते. मिनिटाला चार-पाच हजारच ठोसे, पण प्रत्येक ठोसा हातोडीचा. काँक्रीट खरवडून निघत नाही, फुटून निघतं, म्हणून तिथे टिचकी हरते आणि ठोसा जिंकतो. रोटरी हॅमरला रेटावंही लागत नाही. नुसतं सरळ धरायचं. त्याचा बिटही वेगळा, दांड्याला खाचा असलेला, 'एसडीएस' नावाचा. साध्या चकमध्ये तो घालू नका, आणि साधा बिट रोटरी हॅमरमध्ये बसतच नाही.

मिस्त्रींनी त्या दिवशी शिकवलेली खूण मी अजून पाळतो. भोक पाडायच्या जागेखाली जुनं पाकीट चिकटपट्टीने लावायचं, तोंड उघडं ठेवून. फरशी स्वच्छ राहते हा वरकड फायदा. खरा उपयोग पाकिटात पडणारी भुकटी पाहायला. आधी गिलाव्याची राखाडी पूड येते, ती सगळीकडे सारखी. त्यानंतर लाल आली तर वीट: हॅमरचं बटण चालू, काम झालंच म्हणून समजा. राखाडीच येत राहिली आणि मशीन कुथायला लागलं तर काँक्रीट: थांबा, रोटरी हॅमर मागवा. पांढुरकी, पिठासारखी आली आणि बिट आपोआप आत सरकू लागला तर सिपोरेक्स: हॅमर लगेच बंद करा, नाहीतर भोकाचं भगदाड होईल. मधेच लोखंडाचा कर्कश आवाज आला तर ती सळई. तिच्याशी हट्ट करू नका, दोन बोटं बाजूला सरका. बिटावर हव्या त्या खोलीला चिकटपट्टीचा वेढा दिला की भोक किती आत गेलं ते मोजत बसावं लागत नाही. टाइलवर मात्र सुरुवात नेहमी हॅमर बंद ठेवून, चिकटपट्टीची फुली मारून, हळू. टाइल ओलांडली की मगच ठोके. आणि स्विचबोर्डच्या बरोबर वर किंवा खाली कधीच नाही. आतल्या नळीतून तारा तिथूनच उभ्या गेलेल्या असतात.

भोकात बसते ती गिट्टी. दुकानात 'रावल प्लग' म्हटलं तरी तीच मिळते, आणि त्या नावामागे एक खरा माणूस आहे. १९११ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर गिलावा न फोडता वस्तू लावायच्या होत्या, तेव्हा जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराने तागाच्या तंतूंची नळकांडी करून भोकात बसवली. स्क्रू आत शिरला की नळकांडं फुगतं आणि भिंतीला धरतं. त्या आधी लाकडाची गुल्ली ठोकत, आपल्याकडचे जुने वायरमन अजूनही ठोकतात. आज आपण वापरतो ती नायलॉनची गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशर यांची, १९५८ची. सहाचा बिट, सहाची गिट्टी, इतकं जमलं तर घरातलं निम्मं काम होतं. सिपोरेक्सला मात्र नेहमीची आखूड गिट्टी चालत नाही, ती गरागरा फिरते. त्यासाठी लांब, पसरट पंखांची वेगळी मिळते, ती मागून घ्या.

आता बॅटरीवाल्या ड्रिलबद्दल. एका कंपनीच्या डब्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर '२० व्होल्ट मॅक्स', आणि आपण दोन व्होल्ट जास्त मिळाले म्हणून दुसरा उचलतो. दोन्हींच्या बॅटरीत लिथियमचे पाचच सेल असतात. पूर्ण भरलेला सेल चार व्होल्टच्या आसपास असतो, पाच सेल म्हणजे वीस. काम सुरू झाल्यावर तो सरासरी ३.६वर चालतो, पाच सेल म्हणजे अठरा. वस्तू तीच, फक्त आकडा कुठल्या घडीला वाचला एवढाच फरक. काही अनोळखी नावांच्या डब्यांवर ४८, ८८ असे आकडे 'व्हीएफ' अशी शेपटी लावून छापलेले असतात. त्यांचा व्होल्टशी संबंध नाही. घ्यायचंच असेल तर टॉर्कचा आकडा बघा, आणि सुटी बॅटरी पाच वर्षांनी मिळेल का ते विचारा. स्क्रू पिळायला, फर्निचर जोडायला हे मशीन सुखाचं आहे. भिंतीसाठी वायरचंच बरं.

हाताच्या हत्यारांची यादी मी देणार नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. दोनच गोष्टी सांगतो. आपण ज्याला सरसकट 'स्टार' म्हणतो तो पेचकस एक नाही. फिलिप्स आणि पोझिड्राइव्ह असे दोन आहेत. मॉड्युलर फर्निचरच्या स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या मधोमध चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह. त्यात फिलिप्सचं टोक घातलं की ते उसळतं, स्क्रूचं डोकं झिजतं आणि आपण सुताराला शिव्या देतो. दुसरी गोष्ट टेस्टरची. त्यातला दिवा आपल्याच अंगातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर लागतो. आतला रोध तो प्रवाह अडवून धरतो म्हणून आपल्याला कळत नाही. तेव्हा दिवा लागला नाही याचा अर्थ वीज नाही असा होत नाही. टेस्टर बिघडलेला असेल, तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल. आधी चालू असलेल्या पॉइंटवर तपासा, मग कामाच्या जागी, आणि पुन्हा चालू पॉइंटवर. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, ती तारेला जळण्यापासून वाचवते. माणसाला वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. आपल्या बोर्डावर ती आहे का, हे आजच बघून घ्या, मग हवं तर ड्रिल मागवा.

ग्राइंडर, ज्याला कारागीर 'कटर' म्हणतात, तो घरासाठी घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्त आहे, संचात हमखास असतो आणि व्हिडिओत फार रुबाबदार दिसतो. त्याचं लोखंडी आवरण काढून, त्यावर लाकडाची दातेरी चकती बसवून प्लायवूड कापणारे लोक मी पाहिले आहेत. ती चकती अडकली की मशीन कापणाऱ्याकडेच उलटतं.

नवरात्रात खंडेनवमी येते. त्या दिवशी कारखान्यांत मशीनला झेंडूचे हार पडतात, सुतार रंधा-पटाशी मांडतो, आणि आता मध्यमवर्गीय घरांत लॅपटॉपला हळदकुंकू लागतं. पाट मांडून पक्कड पुजणारं घर मात्र माझ्या ओळखीत नाही. कारण ती आपली नव्हतीच. बलुत्याच्या व्यवस्थेत हत्यार ज्याचं त्याचं होतं, बाकीच्यांनी वाट्याचं धान्य मोजायचं. व्यवस्था गेली, सवय राहिली. आता धान्याऐवजी ॲपवरून पैसे जातात. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण मांडलं, आणि आपण त्याची शाळेत कार्यानुभवाची एक तासिका केली, जिच्यात गणिताचे सर राहिलेला भाग उरकतात. अपवाद आहेत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून ते दुष्काळी गावात गेले, आणि हाताने करता करता डोक्याने शिकायचं, हे तिथल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती यांतून शिकवलं. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर फॅब लॅब उभारायला घेतल्या, तेव्हा सुरुवातीच्या जागांत पाबळ होतं. पुण्याहून साठेक किलोमीटरवर हे सगळं आहे, आणि पुण्यातल्या मुलाला घरातला फ्यूज कुठे आहे ते माहीत नाही.

नीती आयोगाने एप्रिल २०२५मध्ये हत्यारांच्या निर्यातीवर अहवाल काढला. जगात या मालाचा व्यापार शंभर अब्ज डॉलरच्या घरात. हाताच्या हत्यारांत आपला वाटा १.८ टक्के, विजेच्या हत्यारांत ०.७ टक्के. दहा वर्षांत २५ अब्जांची निर्यात करायची अशी आकांक्षा त्यात आहे. नाशिकच्या सातपूरला होणारी पक्कड निम्म्या भारतात पोचलेली आहे, तेव्हा हत्यार घडवणं आपल्याला नवं नाही. पण ज्या देशात घरोघरी हत्यार वापरलंच जात नाही, तिथल्या कारखानदाराला ग्राहकाची मूठ कशी असते ते कोण सांगणार? अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या जोडगोळीने पिस्तुलासारखी मूठ आणि घोड्याचं बटण असलेल्या ड्रिलचं पेटंट १९१७मध्ये मिळवलं, पण ते मशीन कारखान्यातच राहिलं. घरासाठी म्हणून स्वस्त ड्रिल त्यांनी काढलं १९४६ साली, कामगार मशीन घरी नेतात हे ध्यानात आल्यावर.

घरटी एक ड्रिल हवं, असं माझं म्हणणं मुळीच नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७९पासून पुस्तकांसारखी हत्यारं घरी न्यायला मिळतात. आपल्याकडे त्यासाठी ग्रंथालयाचीही गरज नाही, सोसायटी आहे. एका इमारतीत भिंती सगळ्यांच्या सारख्याच, म्हणजे मशीनही एकच लागणार. बरा रोटरी हॅमर आठ हजारांच्या आत येतो. चाळीस फ्लॅटांत वाटला तर दोनशे रुपये. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायचीच असते. पार्किंगचं भांडण संपून 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' आले की एक ओळ लिहून घ्या: मशीन एक, घडीची शिडी एक, चष्मा एक आणि नेल्या-आणल्याची वही. बिट ज्याच्या हातून मोडेल त्याने नवा आणायचा.