जुनं कांडप मशीन कितीला मागायचं?

संक्रांत झाली की गटाच्या बैठकीत हमखास एक विषय निघतो. कुणाच्या तरी मावशीच्या गावात मिरची कांडप मशीन विकायला निघालेलं असतं. "नव्याच्या निम्म्यात मिळतंय, घेऊन टाकू," असं कुणीतरी म्हणतं. दुसरी म्हणते, "जुनं नको बाई, खर्चात पाडतं." दोघींचंही खरं असू शकतं. म्हणून आज आपण बघू, की जुन्या मशीनला किती रुपये द्यायचे हे गटानं ठरवायचं कसं.

पहिली गोष्ट. विकणाऱ्यानं ते केवढ्याला घेतलं होतं, यावरून आपली किंमत ठरत नाही. ते मशीन आपल्या हातात वर्षाला किती पैसे ठेवणार, यावरून ती ठरते. तेव्हा आधी वही उघडायची आणि मग टेम्पो सांगायचा.

एक हिशेब करून बघू. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. कांडपाचा खरा हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. त्यातले कामाचे दिवस धरू ७५. रोज २० किलो कांडप आलं, तर १५०० किलो झालं. किलोला ३० रुपये दर धरला, तर जमा ४५ हजार रुपये.

आता खर्च. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. त्यामुळे ३ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर तासाला साधारण अडीच युनिट वीज घेते. रोज चार तास चालली तर १० युनिट, हंगामात ७५० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वीजबिल साडेसात हजार. पट्टा, तेलपाणी, किरकोळ दुरुस्ती तीन हजार. इथं बऱ्याच गटांची वही थांबते. ४५ हजारांतून साडेदहा हजार गेले, साडेचौतीस हजार नफा! मग ५० हजारांचं मशीनसुद्धा स्वस्त वाटायला लागतं.

पण मैत्रिणींनो, त्या मशीनजवळ नाकाला पदर बांधून रोज उभी राहणार कोण? आपलीच एखादी सदस्य. तिची मजुरी कुठं लिहिली? ती शेतात खुरपायला गेली असती तर मजुरी घेऊनच घरी आली असती. दिवसाला ३०० रुपये धरले तर ७५ दिवसांचे साडेबावीस हजार होतात. ते वजा केले की गटाला उरतात १२ हजार. हा खरा आकडा. बाईचं काम फुकट धरलं की कुठलंही मशीन फायद्याचं दिसतं, आणि दुसऱ्या वर्षी तीच बाई "मला नाही जमत" म्हणून बाजूला होते. म्हणून मजुरी वहीत सगळ्यात वर लिहा.

आता कमाल किंमत काढू. जुन्या मशीनच्या भरवशावर फार लांबचा हिशेब करू नये. घातलेले पैसे दोन हंगामांत परत यावेत, असं धरा. दोन हंगामांचे झाले २४ हजार. पण हे सगळे विकणाऱ्याला द्यायचे नाहीत. मोटर पुन्हा भरून घ्यावी लागली तर तीन हजार, बेअरिंग आणि पट्टा दीड हजार, टेम्पो दोन हजार, पाया आणि वायरिंग अडीच हजार. असे नऊ हजार आपल्याच खिशातून जाणार. राहिले १५ हजार. ही आपली शेवटची पायरी. कर्ज काढून घेणार असाल, तर व्याजही यातूनच वजा करा. समोरचा २८ हजार म्हणाला तर आपण ११-१२ हजारांपासून मागायला सुरुवात करायची आणि १५ च्या वर जायचं नाही.

दुसरी तुलना नव्याशी करायची. दुकानातून लेखी दरपत्रक आणा. नवं ६० हजारांना आहे असं समजा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, बँक कर्जाशी जोडलेलं अनुदान ठरवलेलं आहे. ते मंजूर झालं तर २१ हजार सुटतात आणि नवं मशीन ३९ हजारांत पडतं. इकडे जुनं २८ चं, वर नऊ हजार खर्च, म्हणजे ३७ हजार. दोन हजारांच्या फरकासाठी बिनहमीचं मशीन कशाला घ्यायचं? योजना सध्या चालू आहे का, आपल्या कामाला लागू होते का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारून या.

बघायला जाताना दोघी-तिघी जा आणि गावचा वायरमन किंवा मोटर भरणारा मेस्त्री सोबत न्या. दोन किलो वाळलेली मिरची आपली न्या. रिकामं मशीन सगळ्यांचंच छान चालतं, माल घालून अर्धा तास चालवायला सांगा. मोटरीचा जळका वास येतो का, बेअरिंग खडखडतं का, मुसळ उखळीत सरळ पडतं का, ते बघा. मोटरवरची पाटी वाचा. थ्री फेजची मोटर असेल आणि आपल्या खोलीत सिंगल फेज असेल, तर नव्या जोडणीचा खर्च किमतीतून वजा करा. पट्ट्यावर जाळी नसेल तर ती बसवायचे पैसेही धरा. पदर किंवा वेणी अडकायला क्षण लागत नाही.

कागद बघितल्याशिवाय विसार देऊ नका. मूळ बिल मागा. मशीन कर्जातून घेतलेलं असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागा. अनुदानातून घेतलेलं असेल तर ते विकायची परवानगी आहे का, हे त्या कार्यालयातून लेखी घ्या. पैसे गटाच्या खात्यातून द्या आणि पावतीवर मोटरचा नंबर लिहून घ्या.

कमाल किंमत बैठकीत ठराव करून लिहा, आणि बोलणी करताना ती तोंडातून काढू नका. विकणारी बऱ्याचदा आपल्यासारखीच एखाद्या गटातली ताई असते. तिला हिणवून भाव पाडायचा नाही. "ताई, आमचा हिशेब असा बसतो," म्हणून दुरुस्तीचा खर्च दाखवा. नाहीच जमलं तर चहा पिऊन परत या. आषाढात हंगाम सरला की तेच मशीन बऱ्याचदा कमी भावात मिळतं.

येत्या बैठकीत एवढंच करा. वहीचं एक पान घ्या आणि पहिल्या ओळीत मजुरी लिहा. खालचे आकडे मग आपोआप सरळ होतील.