चिकुनगुन्या : नाव जुने, रूप नवे

एखादा रोग देशातून गेला असे आपण म्हणतो, तेव्हा तो खरोखरच गेलेला असतो असे नाही. चिकुनगुन्याची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

१९५२ साली आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात हा ताप प्रथम ओळखला गेला. माकोंडे भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा आहे; सांधेदुखीने रोगी खरोखरच वाकतो. १९६३ साली कलकत्त्यात, १९६४ साली मद्रासेत आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याच्या साथी आल्या. पुढे तीस वर्षे तो जवळजवळ विस्मृतीत गेला.

२००५ च्या अखेरीस मात्र तो परतला आणि २००६ साली देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. पूर्वीचा विषाणू आशियाई कुळातला होता, हा आफ्रिकी कुळातला निघाला. शिवाय मधल्या काळात जन्मलेल्या पिढीच्या अंगी त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती.

हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर याच सुमारास आणखी एक गोष्ट उघडकीस आली. विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनाचा केवळ एक घटक बदलला होता. एवढ्याशा फरकाने तो ‘एडीस अल्बोपिक्टस’ या डासाच्या शरीरात अधिक सुलभतेने वाढू लागला. ‘एडीस इजिप्ती’ हा डास मुख्यतः शहरी वस्तीतला. हा दुसरा मळ्यांत आणि झाडीतही राहणारा. २००७ साली हाच बदललेला विषाणू केरळात आढळला. तेथील रबराच्या मळ्यांत चीक धरण्यासाठी झाडांना बांधलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साचते, आणि त्यात या डासाची उत्पत्ती होते.

विषाणूचे रूप बदलणे आपल्या हाती नाही. परंतु डासाला घर न देणे हे निश्चितच आपल्या हाती आहे. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात व कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा पिंप, रांजण व कुंड्यांखालच्या ताटल्या घासून पुसून कोरड्या कराव्यात. हा डास दिवसा चावतो, हेही ध्यानात असू द्यावे. ताप व सांधेदुखी उद्भवल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन घेऊ नये.

वाचकहो, साथीचा पहिला बंदोबस्त सरकारी दप्तरात नव्हे, आपल्या अंगणातच होत असतो.